बबन, घर बघ

१६ जून ८६, घाटकोपर
प्रौढ शिक्षणाचा वर्ग सुरू झाला. दुपारी दोन ते चार, डोंगरावरच्या वस्तीत, मंडळाच्या खोलीत. कोपऱ्यात ढोल, भिंतीला टेकवलेला कॅरमबोर्ड, माळ्यावर गेल्या वर्षीचं मखर. मोठ्यांसाठीची पुस्तकं अजून आलेली नाहीत, कधी येतील ते शिक्षण खात्याच्या साहेबांनाही ठाऊक नाही. म्हणून पहिलीच्या मुलांचीच वाटली. चाळिशीच्या बायका आणि पुस्तकावर चेंडू घेतलेला पोरगा. मला लाज वाटली. त्यांना नाही वाटली. पुस्तक हातात आल्यावर बहुतेकींनी आधी कपाळाला लावलं, मग उघडलं.

फळा दमट, खडू उठेना. चढून पाय मोडले. श्री. म्हणाले, महिनाभर टिकलीस तर रविवारचा चहा माझ्याकडे.

२० जून
नावं पाठ व्हायला लागली. शेवंता, पाटीवर थुंकी लावून पुसते, सांगून थकले. सुनंदा, तिशीची असेल, आमच्याच बाजूच्या बिल्डिंगींत भांडी घासते. तिच्याबरोबर तिची सासू, सगळ्या तिला आजी म्हणतात. कोकणातल्या, मालवणकडच्या. आजीचा नवरा गिरणीत होता, वारला. मुलगा जहाजावर खलाशी, वर्षातले बरेच महिने बाहेरच.

सुनंदाला विचारलं, कशाला शिकायचंय? बाकीच्या म्हणाल्या बसचा नंबर, सही, रेशन. ही म्हणाली, "मला सगळ्या घरांत 'ए बाई' म्हणतात. कोणीतरी नुसतं 'बाई' म्हणावं."

मला तर रोज म्हणतात. कधी लक्षातच आलं नव्हतं.

२७ जून
आजी हुशार आहे पण हट्टी. तक्त्यावर ग, शेजारी गणपतीचं चित्र. सगळ्या म्हणतात ग गणपतीचा. आजी ठामपणे, "ग मोरयाचो." म्हटलं आजी, मोरया तर म ने सुरू होतो. "होय." मग ग कोणाचा? "मोरयाचो."

म आणि ग ची गल्लत होतेय. उद्या दोन्ही शेजारी शेजारी लिहून घेईन.

३० जून
लिहून घेतले. दोन्ही बरोबर. वाचायला सांगितलं तर पुन्हा मोरया. डोकं दुखलं.

३ जुलै
बिनकान्याचे शब्द. बबन, घर बघ. बबन, वर बघ. बबन, नळ बघ. हा बबन पुस्तकभर नुसता बघतच असतो, कामधंदा नाही त्याला. बायका हसल्या. सगळ्यांनी वाचलं, अडखळत का होईना. सुनंदाचं मात्र ब वर घोडं अडलं. बोट शब्दावर, तोंड बंद. वाट पाहिली. कपाळावर घाम आला तिच्या. शेवटी पाटीवर ब काढून दाखवला, गिरवून घेतला. गिरवताना हात जराही अडला नाही.

८ जुलै
आज माझी चिडचिड झाली. सुनंदाला परत तेच पान दिलं. वाचलं तिने, पण कसं? "हे, घर बघा. हे, वर बघा." म्हटलं, हे कुठून आलं? आणि बघा? तिथे काना दिसतोय का तुला? "नाय." मग बघ म्हण. मान खाली. पुन्हा पहिल्यापासून. "हे, घर बघा."

बाकीच्या पदराआड हसत होत्या. मला वाटलं, तिला हसतायत. त्यांना रागावले. हसणाऱ्या गप्प झाल्या आणि सुनंदाच्या डोळ्यांत पाणी.

९ जुलै
आज उलगडलं. नीट लिहिता येईल की नाही कोण जाणे.

सुनंदाची पाळी. बोट पहिल्या शब्दावर. शेजारून आजी तटकन म्हणाली, "बबन." सुनंदा लगेच, "घर बघा." आजी, "बबन." सुनंदा, "वर बघा." दोघींनी मिळून अख्खं पान काढलं, एकदाही न थांबता. मी म्हटलं, आजी, तिला वाचू द्या की. तर आजी माझ्याकडे बघून, लहान मुलाला सांगावं तसं, "ओ बाई, तां तिच्या घोवाचा नाव."

मी खुर्चीत बसलेच.

म्हणजे इतके दिवस ती अडत नव्हती. ती वाचत होती. नाव दिसलं की गिळत होती, त्या जागी 'हे' ठेवत होती. आणि नवऱ्याला 'बघ' कसं म्हणायचं, म्हणून नसलेला काना मनातल्या मनात लावून 'बघा' करत होती. डोळे अक्षरावर, जीभ मर्यादेवर. तीन आठवड्यांपूर्वी या बाईला पाटी उलटी धरली तरी कळत नव्हतं. मी बी.ए. झाले, चालता चालता अशी वाक्यं फिरवायला मला जमणार नाही. आणि मी तिला ब गिरवायला लावला.

आजीला विचारलं, आणि तुमचा मोरया? सगळ्या खो खो. शेवंताने सांगितलं, आजीचे ते गणपत. जाऊन किती वर्षं झाली, तरी आजी सणालासुद्धा देवाला मोरया म्हणते, बाप्पा म्हणते, पण ते पूर्ण नाव नाही.

चौथीपर्यंतच्या मुलांना मी सहा वर्षं शिकवलं. असं काही वर्गात माझ्यासमोर झालेलं आठवत नाही.

१० जुलै
सुनंदा वर्ग सुटल्यावर थांबली. म्हणाली, "बाई, रागावू नका. नाव घेतलं की आयुष्य कमी होतं त्यांचं. जमिनीवरच्या माणसाचं एक वेळ चालून जाईल. हे पाण्यावर." म्हटलं, वाच तुझ्या पद्धतीने.

रात्री जेवताना श्री. ना सगळं सांगितलं. मोठ्याने हसले. मग म्हणाले, "तू तरी कधी घेतलंस माझं?" म्हटलं, त्यात काय, आमच्याकडे असलं काही नाही. मग घे, म्हणाले. वाटी पुढे केली, आमटी वाढली, तोंड उघडलं, आणि शपथेवर सांगते, आलं नाही. लग्नात उखाण्यात घेतलं होतं तेवढंच. ते हसत बसले, मी भांडी आवरत बसले.

आता ही वही मागे चाळून पाहिली. सगळीकडे श्री. श्री. श्री.

२४ जुलै
काना, वेलांटी झाली. उकार चालू. शेवंता आज येताना रस्ताभर वाचत आली. पिठाची गिरणी. येथे थुंकू नये. सायकल भाड्याने मिळेल. म्हणाली, "बाई, इथनं मी रोज जाते. एवढं सगळं लिहिलेलं होतं होय?" आणि मग जरा घाबरून, "आता ते बंद नाही ना होणार? आता दिसणारच?" म्हटलं, दिसणारच. तिला ते बरं वाटलं की वाईट, कळलं नाही. मलाही येताना पहिल्यांदाच प्रत्येक पाटी डोळ्यात घुसल्यासारखी दिसली.

५ ऑगस्ट
ओकार शिकवला. आजी पाटीकडे बघता बघता एकदम स्वतःच्या हाताकडे बघायला लागली. मनगटाच्या वर गोंदण आहे, हिरवं, पसरलेलं. लहानपणी जत्रेत गोंदवून घेतलेलं, माहेरचं नाव. काय गोंदलंय ते तिला ठाऊकच होतं, लहानपणापासून. पण आज बोट ठेवून म्हणाली, "ह्यो गो. ह्यो दा." गो वर बोट, दा वर बोट. परत गो. लग्नात नाव बदललं, तेव्हापासून त्या नावाने हाक मारणारं कोणी उरलं नाही म्हणे.

खालून कुकरच्या शिट्ट्या ऐकू येत होत्या. मी पुढचा धडा घेतलाच नाही. खडू हातात धरून उभी राहिले.

२० ऑगस्ट
वस्तीतल्या बालवाडीला मदतनीस हवी आहे. वस्तीतलीच, वाचता येणारी. मुलांना धरून बसवायचं, ओळी म्हणून घ्यायच्या. बालवाडी चालवणाऱ्या संस्थेच्या ताई येऊन वाचून घेणार. मी सुनंदाचं नाव सुचवलं. तिने ऐकलं आणि उठून खोलीच्या बाहेर गेली. थोड्या वेळाने परत येऊन बसली, चेहरा धुतलेला.

तिथे मुलं बाई म्हणतात.

२९ ऑगस्ट
ताईंना भेटून आले. भल्या बाई आहेत, करड्या पण नाहीत. सगळं समजावून सांगितलं. म्हटलं, दुसरं पान द्या तिला, कमळ, फळ, काहीही. त्यांनी शांतपणे ऐकलं. मग म्हणाल्या, "परीक्षेला देईन हो दुसरं पान. पण बालवाडीत हेच पुस्तक आहे. रोज मुलांकडून काय म्हणून घेणार ती? हे, घर बघा? मुलं तेच शिकतील."

बरोबरच आहे. भांडायला गेले होते, मान हलवून परत आले.

सुनंदाला सांगितलं. नुसतं "बरं" म्हणाली.

३ सप्टेंबर
गणपतीला अर्धी वस्ती गावी चालली. वर्ग बंद. सुनंदा आणि आजीही जाणार. सुनंदा म्हणाली, "बाई, तिथे रवळनाथाला कौल लावते. मिळाला तर वाचते." पुस्तक बरोबर नेतेय.

१९ सप्टेंबर
परत आल्या. मला पातोळ्या आणल्या, हळदीच्या पानात. कौलाचं विचारलं. लावलाच नाही म्हणे. देवळापर्यंत गेली आणि परत फिरली. "देवाने नाही म्हटलं असतं तर? मग संपलंच की."

२२ सप्टेंबर
हे जसंच्या तसं लिहून ठेवायला हवं.

सुनंदा पुस्तक उघडून बसलेली, पानावर हात झाकून. परवा ताई येणार. बाकीच्या पाटीवर शुद्धलेखन करत होत्या. आजीने पाटी खाली ठेवली. सुनेकडे न बघता, समोर फळ्याकडे बघत म्हणाली, "तां नाव मी ठेयलंय. पाळण्यात घालून मी ठेयलंय. हाक मारूकच ठेयलंय मां? की लपवून ठेवूक?"

सुनंदा म्हणाली, "आई, काही झालं तर?"

"झाला तर माज्यावर. तू वाच."

आणि पाटी उचलून परत लिहायला लागली. त्या म्हातारीने स्वतः नवऱ्याचं नाव तो असेपर्यंत, तो मेल्यावरसुद्धा, तोंडातून काढलं नाही. मुलाचा जीव पाण्यावर. आणि सुनेला मोकळं केलं. मला हे कुठे ठेवू ते कळत नाही. पायाच पडावं असं वाटलं, पडले नाही, बाई ना मी.

२४ सप्टेंबर
ताई आल्या. सुनंदा नवी साडी नेसून, केसांत अबोली. आजी आत आली नाही, पायरीवर पाठ करून बसली. ताईंनी दुसरं पान काढलं, शब्द पाळला. सुनंदाने ते घडाघडा वाचलं. ताई म्हणाल्या, छान, झालं. तर सुनंदाने स्वतःच पानं मागे उलटली, त्या पानापर्यंत. उभी राहिली.

मी जमिनीकडे बघत होते. मग एकदम बारीक आवाजात, "बबन." थांबली, ऐकायला थांबतात तशी. मग स्पष्ट, "घर बघ."

बघा नाही. बघ.

शेवंताने तोंडावर हात ठेवला. पुढची सगळी पानं सुनंदाने वाचली, प्रत्येक वेळी आवाज थोडा मोठा. हा शब्द मी किती वर्षं फळ्यावर लिहितेय, फडक्याने पुसतेय. आज पहिल्यांदा ऐकला. त्यात एक माणूस होता.

ताईंनी पुस्तक मिटलं आणि म्हणाल्या, "एक तारखेपासून या, बाई."

बाहेर आले तर आजी जागेवरच. "घेतलान?" म्हटलं, घेतलं. "बरा केलान." उठताना मात्र माझा हात धरला तिने, पहिल्यांदाच.

७ ऑक्टोबर
सुनंदाचं बालवाडीत झकास चाललंय. दुपारी वर्गालाही येते, मुलांच्या तक्रारी घेऊन. एक पोर रोज तिच्याच मांडीवर झोपतं. बाकीच्या तिला चिडवतात, काय ओ बाई. ती चिडत नाही, मान वर करून घेते.

२१ ऑक्टोबर
सुनंदाच्या नवऱ्याचं जहाज गेल्या आठवड्यात मुंबईला लागायचं होतं. लागलं नाही. आखाताकडे गेलेलं. तिकडे लढाई चालू आहे, पेपरात येतंच. पण सुनंदाला काही वाटत नाही. म्हणते, मागच्या वेळीही उशीर झाला होता.

३० ऑक्टोबर
वस्तीत कुजबुज. नाव घेतलं ना. शेवंता आज वाचायला उठली आणि तिच्या नवऱ्याच्या नावाचं पहिलं अक्षर आलं तशी खाली बसली. मी रागावले. अडाणीपणा म्हणाले, जहाजं काय नावाने बुडतात? सगळ्या ऐकून घेत होत्या. सुनंदाही. मीच गप्प झाले, कारण बोलताना माझाच आवाज चढला होता आणि का चढला ते मला ठाऊक होतं.

३ नोव्हेंबर
दिवाळी. त्यांच्याकडे कंदील लावलेला होता, फराळ नव्हता.

१० नोव्हेंबर
मी सुनंदाला घेऊन फोर्टात कंपनीच्या ऑफिसात गेले. काउंटरवरचा माणूस वाईट नव्हता. जहाजाशी संपर्क होत नाहीये, कळलं की कळवू. नाव काय खलाशाचं, त्याने विचारलं. मी सांगायला तोंड उघडलं, तर सुनंदा पुढे झाली. स्वतः सांगितलं, नाव, वडिलांचं नाव, आडनाव. वडिलांचं म्हणजे सासऱ्याचं. तेही घेतलं. काउंटरवरच्याने लिहून घेतलं आणि पुढच्याला बोलावलं. त्याला काय कळणार, त्याच्यासमोर आत्ता काय झालं ते.

१३ नोव्हेंबर
आजी चार दिवस वर्गाला नाही. वर तिच्या घरी गेले. तांदूळ निवडत बसली होती. मला बघून पाट सरकवला. मग म्हणाली, "बाई, माजा चुकला काय?"

नाही म्हणाले. एकदा, मग पुन्हा एकदा. ते शिकलेल्या बाईचं 'नाही' होतं, सरळ, कोरडं. तिने मान हलवली, माझ्या समाधानासाठी. मी तांदळात हात घातला आणि तिच्याबरोबर खडे काढायला लागले.

या सगळ्यावर माझा विश्वास नाही. हे मुद्दाम लिहून ठेवते. आणि हेही लिहिते की रोज सकाळी पेपर आला की मी आधी आतलं पान उघडते, जहाजांच्या बातम्यांचं. श्री. काही विचारत नाहीत, चहा पुढे ठेवतात.

१८ नोव्हेंबर
आजी आली वर्गाला. पाटी घेतली, आपल्या जागेवर बसली. बातमी काही नाही.

२१ नोव्हेंबर
अजून काही नाही. कंपनीचं उत्तर तेच.

आज वर्गाच्या आधी बालवाडीत डोकावले. रात्रभर एक गोष्ट डोक्यात होती, ती सांगून टाकली. म्हटलं, सुनंदा, मी ताईंशी बोलते. पुस्तकात बबनच्या जागी मदन म्हण. मुलांना काय फरक पडतो? अक्षरं साधीच आहेत. तुला रोज रोज नको ते.

मुलांच्या पाट्या पुसत होती. पुसून झाल्या, ओळीने लावल्या, मग बोलली. "नको बाई. तुम्ही म्हणता ते कळतं मला. बाया काय बोलतात तेपण ऐकते. पण एकदा हाक मारलीय मी. आता मध्येच थांबले तर त्यांना वाटेल, घरच्यांनी हाक मारायची सोडली."

आतून कोणीतरी ओरडलं, बाई, हा चिमटे काढतो. "आले रे," म्हणाली आणि गेली. मुलं मांडी घालून बसली. तिने पुस्तक उघडलं, एकदा म्हटलं, आणि पाठोपाठ सगळ्या पोरांनी म्हटलं, डोंगराच्या पायथ्यापर्यंत ऐकू जाईल इतक्या मोठ्याने.